दिवाणावरचं विमान

दिगंबरराव गेले आणि नागपूरचं आकाश पोरकं झालं. हे वाक्य माझं नाही. दिगंबरराव माझे साडू. त्यांच्या ले-आउटमधल्या, म्हणजे वसाहतीतल्या, ज्येष्ठ नागरिक मंडळानं शोकसभा घेतली, तीत मंडळाच्या अध्यक्षांनी ते उच्चारलं आणि उच्चारताना समाजभवनाच्या पंख्याकडे पाहिलं. वाक्य चांगलं आहे. वस्तुस्थितीशी मात्र त्याचं फारसं जमत नाही. दिगंबररावांच्या विमानाचा आणि आकाशाचा संबंध फार थोडा वेळ आला. उरलेला सगळा काळ ते विमान त्यांच्या बैठकीतल्या दिवाणावर होतं आणि आम्ही पाहुणे प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर. आकाशाला पोरकं वाटलंच असेल, तर ते लांबच्या नात्यानं.

बातमी आली ती सकाळी. संक्रांत होऊन गेली होती, थंडी अजून होती. फोन मंगलाताईंचा, म्हणजे दिगंबररावांच्या पत्नीचा, माझ्या बायकोच्या, कुमुदच्या, थोरल्या बहिणीचा. कुमुदनं तो ऐकला, "ताई, आलोच आम्ही" एवढंच म्हणाली आणि शाल शोधू लागली. शाल तिच्या अंगावरच होती.

तिथं पोचल्यावर कळलं ते असं. रिमोटवर उडणाऱ्या या छोट्या विमानांच्या बॅटऱ्या तापट असतात, चार्जिंगला लावून विसरलं तर पेट घेतात. म्हणून चार्जिंग सुरू असताना बॅटरीला एकटं सोडायचं नाही, असा दिगंबररावांचा नियम होता. ते खुर्ची ओढून तिच्यासमोर बसत, तापाच्या पेशंटजवळ बसावं तसे. त्या सकाळीही बसले होते. चार्जिंग पूर्ण झालं की यंत्र बारीक पिपाणी वाजवतं. ते वाजलं, आणि वाजतच राहिलं. मंगलाताईंनी स्वयंपाकघरातून दोनदा ओरडून सांगितलं, "अहो, बंद करा नं ते." मग कणकेच्या हातांनी बाहेर आल्या... बॅटरी पूर्ण भरली होती.

अध्यक्षांनी शोकसभेत याचं 'उड्डाणाच्या तयारीतच महाउड्डाण' असं वर्णन केलं. दिगंबरराव ऐकत असते तर म्हणाले असते, "कायचं उड्डाण गा? खुर्चीवर बसलो होतो मी."

साडू हे नातं मोठं विचित्र. दोन अनोळखी माणसांना एकाच घरच्या दिवाळसणाला शेजारी-शेजारी पाटावर बसवतात आणि मग जन्मभर त्यांनी एकमेकांशी काय बोलायचं, हे कुणी सांगत नाही. दिगंबरराव कोराडीच्या वीज केंद्रात इंजिनिअर, कंट्रोलरूममधले. मी कॉलेजात इतिहास शिकवायचो. त्यांच्या मते इतिहास हा असा विषय, ज्यात जे पडायचं ते सगळं आधीच पडून झालेलं असतं, त्यामुळे माणसाला जबाबदारी अशी काही राहत नाही. ते मला प्रोफेसर म्हणत. पुढे त्या घरातले सगळेच म्हणू लागले, मंगलाताईसुद्धा. माझं खरं नाव तिथं फक्त लग्नपत्रिकेवर वापरत.

निवृत्त झाल्यावर माणसं गीता वाचतात किंवा सोसायटीच्या भानगडीत पडतात. दिगंबररावांनी विमान आणायचं ठरवलं. आधी त्यांनी शिकण्यापुरती दोन थर्मोकोलची विमानं घेतली. पहिलं बाभळीवर गेलं आणि तिथंच राहिलं. दुसरं शेणाच्या ढिगात नाकापर्यंत रुतलं. ते बाहेर काढलं, पण घरात घ्यायला मंगलाताई तयार झाल्या नाहीत. एवढ्या अनुभवावर दिगंबररावांनी आपलं शिक्षण पुरं झाल्याचं जाहीर केलं आणि खऱ्या लाकडाचं, कसरती करणारं विमान मागवलं. सरळ जाणारं विमान, ते म्हणाले, हे एसटीसारखं असतं. खरं विमान ते, जे आकाशात कोलांटी मारतं.

ते खोक्यातून सुटं आलं. खोकं एवढं लांब होतं की मंगलाताईंना वाटलं, पडद्यांचे रॉड आले. आत हलक्या लाकडाचा सांगाडा, त्यावर लाल-पांढरी चकचकीत प्लॅस्टिकची कातडी, पंख वेगळे, शेपूट वेगळी, मोटर वेगळी, आणि पंखांच्या, शेपटीच्या झडपा हलवायला काडेपेटीएवढ्या मोटरी. जोडणीची पुस्तिका इंग्रजीत होती. ती मी मोठ्यानं वाचायची आणि त्यांनी ऐकायची नाही, अशी वाटणी झाली. "प्रोफेसर, पुढे काय म्हनते तो?" ते विचारत. मी सांगत असे, की गोंद लावण्याआधी शेपूट पंखाशी समांतर आहे का ते पाहा. "ते मी लावून टाकली," ते म्हणत. मग आम्ही दोघं जरा लांब जाऊन डोकं तिरकं करून शेपटीकडे पाहत असू. थोड्या वेळानं ती समांतर दिसू लागे.

मे महिन्यात विमानाला सुरकुत्या पडल्या. कंपनीनं ती कातडी कुठल्या गावची हवा डोळ्यांपुढे ठेवून केली होती कोण जाणे, नागपूरची नक्कीच नव्हती. कूलरच्या समोरचा पंख ठीक राहिला. दुसरा, खिडकीकडचा, म्हाताऱ्याच्या हातासारखा झाला. यावर उपाय इस्त्रीचा. गरम इस्त्री हलक्या हातानं फिरवली की कातडी पुन्हा ताणून बसते. दिगंबररावांनी घरातली इस्त्री घेतली, पंख तरुण केला, इस्त्री जागेवर ठेवली. दुसऱ्या दिवशी मंगलाताईंच्या मोतिया रंगाच्या साडीवर लाल प्लॅस्टिकचा टिळा उमटला. त्यांनी ती साडी नेसली आणि तशाच एका बारशाला गेल्या. कुणी विचारलं की सांगत, "आमच्या घरी विमान बनून राह्यलं आहे नं, त्याचं हाय हे."

पण त्या घराची खरी मजा पाहायची ती विमानाला वीज देताना. कंट्रोलरूममध्ये आयुष्य गेलेल्या माणसाला स्विच नुसता लावता येत नाही. एकानं विचारायचं, दुसऱ्यानं उत्तर द्यायचं, आणि उत्तर आल्याशिवाय हात पुढे करायचा नाही, ही तिथली रीत. ती त्यांनी बैठकीत आणली. जोडलेल्या मोटरला चुकून वीज गेली तर पुढचा पंखा बोटं कापू शकतो, म्हणून घरात चाचणी घेताना पंखा काढून ठेवायचा. रिमोट आधी चालू करायचा, बॅटरी नंतर जोडायची. विचारायचं काम मंगलाताईंकडे होतं. त्या जमिनीवर मेथी निवडत बसलेल्या असायच्या आणि मान वर न करता विचारायच्या.

"रिमोट?"

"चालू."

"वेगाची कांडी?"

"खाली."

"पंखा?"

"काढला."

"प्रोफेसर?"

"खुर्चीवर."

"पाय?"

"वर घेतले."

"मंग लावा."

मग बॅटरी जोडली जायची, मोटर तीनदा पिंपिं करायची, झडपा थरथरून सरळ व्हायच्या आणि दिगंबररावांच्या चेहऱ्यावर असं समाधान यायचं, की जणू अर्ध्या विदर्भाचे दिवे त्यांनी आत्ता लावले. मंगलाताई मेथीच्या काड्या गोळा करून उठायच्या. एकदा त्या माहेरच्या लग्नाला गेल्या होत्या, तेव्हा ते काम माझ्याकडे आलं. मी 'पंखा' आधी विचारला आणि 'रिमोट' नंतर. त्या दिवशी वीज दिलीच गेली नाही. "तुमच्या हातात कोराडीचा संच असता," ते म्हणाले, "तर नागपूर अंधारात राह्यलं असतं."

कोराडीहून ते आणखी एक गोष्ट घेऊन आले होते: 'काम चालू आहे, स्विच लावू नये' असा लाल पत्रा. यंत्रावर कुणी काम करत असलं की तो टांगायचा, म्हणजे दुसरा कुणी येऊन वीज सुरू करत नाही. घरात तो विमानाच्या शेपटीला असे. एका दुपारी जेवायला बसताना दिगंबररावांना तो गॅसच्या शेगडीवर टांगलेला दिसला. मंगलाताई बैठकीत पेपर वाचत होत्या. पोरकं आकाश वगैरे ठीक आहे, पण त्या दिवशी दिगंबररावांनी माझ्या घरी येऊन जेवण केलं.

दसऱ्यापर्यंत विमान उभं राहिलं. नागपुरात दसऱ्याला ज्याला चाक आहे त्याची पूजा होते, आणि विमानाला तीन होती. मंगलाताईंनी त्याला हळद-कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, पुढच्या पंख्याला झेंडूचा हार घातला. दिगंबररावांनी हात जोडले आणि हार लगेच काढला. त्यानंतर त्यांनी तोल पाहिला. ही विमानाच्या आयुष्यातली सर्वांत महत्त्वाची परीक्षा. पंखाखाली ठरलेल्या जागी दोन्ही हातांचं एकेक बोट धरून विमान उचलायचं. ते आडवं, स्थिर राहिलं पाहिजे. नाक खाली गेलं तर चालतं, विमान जड चालतं इतकंच. शेपूट खाली गेली तर ते ताब्यात राहत नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी विमान बोटांवर तराजूच्या दांडीसारखं उभं होतं, मी पाहिलं होतं. दसऱ्याच्या संध्याकाळी शेपूट खाली गेली.

पुढचे काही दिवस दिगंबरराव माणसात नव्हते. त्यांनी बॅटरी पुढे सरकवली. शेपूट खालीच. आणखी पुढे सरकवली. हवेतल्या ओलीनं लाकूड फुगलं म्हणाले. मग शेपटीत पाल शिरली असावी, असा सिद्धांत निघाला. आम्ही दोघांनी शेपटीवर टिचक्या मारून ऐकलं. पाल असती तर निघून गेली असती. शेवटी बॅटरी नाकाच्या अगदी भिंतीला टेकली, शेपूट तरी किंचित खाली राहिली, आणि दिगंबररावांचा धीर सुटला. "चालते एवढं," ते म्हणाले. वीज केंद्रात हे वाक्य त्यांनी कुणाला म्हणू दिलं नसतं.

शहरात विमानतळाच्या आसपास हे उडवता येत नाही, म्हणून आम्ही कोराडीच्या पुढे खापरखेड्याकडे एका ओळखीच्या शेतात गेलो. सोयाबीन निघून गेलं होतं, जमीन सपाट होती. विमान धावलं, उठलं, आणि बिथरलेलं घोडं मागच्या पायांवर उभं राहावं तसं शेपटीवर उभं राहिलं. दिगंबरराव कांडी ढकलत होते, विमान ऐकत नव्हतं. ते हवेत उभ्याउभ्या विचार करत राहिलं आणि मग शेजारच्या तुरीत बसलं. पंख शाबूत होते. शेपटीचा सांधा उकलला होता.

दुरुस्तीच्या दिवशी मी हजर होतो. दिगंबररावांनी ब्लेडनं शेपटीखालची कातडी कापली आणि आत बोट घातलं. बोटाबरोबर हळदीकुंकवानं माखलेल्या, कापसात गुंडाळलेल्या पितळी पादुका बाहेर आल्या. सुपारीएवढ्या. रामटेकच्या गडावरून आणलेल्या. त्यांच्या देवघरात मी त्या कितीतरी वेळा पाहिल्या होत्या. शेपटीखाली मोटरची तार सरकवायला एक फट होती, तीतून मंगलाताईंनी त्या आत सोडल्या असाव्यात. वजन म्हणाल तर काहीच नाही. पण शेपटीच्या टोकाला काहीच नाही हेसुद्धा पुष्कळ होतं. दांडी लांब असली की मुंगीसुद्धा तराजू झुकवते, हे शाळेत शिकलेलं आम्हा दोघांना एकाच वेळी आठवलं असावं.

स्वयंपाकघरात फोडणी पडत होती. दिगंबरराव पादुकांकडे पाहत राहिले... मी म्हटलं, "काढून ठेवा देवघरात, झालं." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी 'पंखा' आधी विचारला आहे.

"प्रोफेसर, हे तुमी पाह्यलं नाही."

मग त्यांनी त्या पादुका कापसासकट परत आत ठेवल्या. नुसत्या ठेवल्या नाहीत, गोंद लावून पक्क्या बसवल्या. "ढिल्या होत्या," ते पुटपुटले. "हवेत सरकल्या असत्या." दुसऱ्या दिवशी ते टायरवाल्याकडे गेले, चाकाचा तोल साधायला रिमला चिकटवतात ती शिशाची पट्टी घेऊन आले आणि ती तुकडे करून नाकात भरली. विमान बोटांवर आडवं राहिलं. जेवताना मंगलाताईंनी विचारलं, "काय झालं होतं शेपटीले?"

"शेपटीले काई नाही वं," दिगंबरराव म्हणाले. "नाक हलकं होतं."

संसारात एकमेकांसाठी केलेल्या त्यागाच्या पुष्कळ गोष्टी मी ऐकल्या आहेत आणि त्यांतल्या बऱ्याचशा सांगणाऱ्यानं वाढवलेल्या असतात. ही मी स्वतः पाहिली. तीत एका माणसानं विमान विनाकारण जड करून घेतलं.

त्यानंतर विमान उडू लागलं. सरळ उडायचं, वळायचं, बहुधा शेतातच उतरायचं. कोलांटी मात्र दिगंबरराव मारत नव्हते. "मंगला आल्याशिवाय नाही," असं त्यांनी ठरवलं होतं. मी कारण विचारलं तेव्हा ते तुरीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून बूट झाडत होते. समोर कोराडीच्या चिमण्या धूर सोडत होत्या.

"जन्मभर मी तिथं काय करत होतो, हे तिनं कधी पाह्यलं का?" त्या चिमण्यांकडे बोट करून ते म्हणाले. "बायकायले आत नेता येत नव्हतं. घरी आलो की तिले फक्त काळी कॉलर दिसे. धुवाची. एक गोष्ट मले अशी करता येते की जी दिसते... ते तरी तिनं पाहावं की नाही?"

मंगलाताई यायला तयार नव्हत्या. दिगंबररावांच्या हृदयात मागेच स्टेंट बसवला होता आणि डॉक्टरांनी उत्तेजना टाळायला सांगितली होती. डॉक्टरांच्या डोळ्यांपुढे बहुधा क्रिकेट असावं. ताईंनी मला स्वयंपाकघरात बोलावून स्पष्ट सांगितलं, "प्रोफेसर, इमान पडाचं भेव नाही मले. ते पडलं तर मांगून हे पडतीन. अन् मी ते पाहाले जाऊ? कायले?" बाहेर बैठकीत दिगंबरराव ऐकू येईल अशा बेतानं पेपरची पानं उलटत होते. हा वाद पूर्ण हिवाळा चालला. ते रोज एकदा विचारत, त्या रोज एकदा नाही म्हणत, आणि विमान दिवाणावर आडवं पडून दोघांचं ऐकत असे. कुमुद म्हणाली, अशानं एखादं घर मोडतं. मी म्हटलं, ज्या घरात वीज द्यायच्या आधी पाय वर घेतले का ते विचारतात, ते घर मोडत नाही.

अखेर ताई एका सकाळी तयार झाल्या. कारण कुणालाच कळलं नाही. त्यांनी कोथिंबिरीचं सारण भरून पुडाच्या वड्या केल्या, थर्मासमध्ये चहा भरला, दिगंबररावांच्या खिशात जिभेखाली ठेवायची गोळी आहे का ते स्वतः चाचपून पाहिलं, आणि माझ्या गाडीत पुढे बसल्या. विमान मागच्या सीटवर, त्याची शेपूट दिगंबररावांच्या मांडीवर.

शेतात त्या विमानाच्या मागे उभ्या राहिल्या. मेथी नव्हती, त्यामुळे हातांचं काय करावं, हे त्यांना सुचत नव्हतं. तरी आवाज नेहमीचा काढला.

"रिमोट?"

"चालू."

"वेगाची कांडी?"

"खाली."

"पंखा?"

"लावला."

इथं त्या थांबल्या. घरात या प्रश्नाचं उत्तर नेहमी 'काढला' असं यायचं.

"गोळी?" त्यांनी विचारलं. हा प्रश्न नवीन होता.

"खिशात."

"मंग... लावा."

विमान उठलं. सकाळच्या उन्हात लाल-पांढरं, दिवाणावर दिसायचं त्याहून पुष्कळ लहान दिसत होतं. दिगंबररावांनी एक फेरी मारली, दुसरी मारली, उंची घेतली. मग विमान आमच्यासमोरून सरळ येऊ लागलं आणि ते ओरडले, "मंगला, पाह्य वं!" मोटरचा आवाज चढला. मी विमानावरून नजर काढली नाही. नाक वर गेलं, आणखी वर गेलं, विमान उभं झालं, पाठीवर पडलं, क्षणभर चाकं आभाळाकडे करून राहिलं, मग नाक खाली करून घसरलं आणि सरळ होऊन पुढे निघून गेलं. दिगंबररावांनी विमान वळवलं, उतरवलं. ते दोनदा उसळलं आणि धसकटांत थांबलं.

ते वळले. चेहरा पांढरा पडला होता. "पाह्यलं?"

"पाह्यलं," ताई म्हणाल्या.

"कसं वाटलं?"

"लय मस्त वाटलं."

मग आम्ही धुऱ्यावर बसून पुडाच्या वड्या खाल्ल्या. दिगंबररावांनी सर्वांत जास्त खाल्ल्या. ताईंनी डबा पुढे करताना, माझ्या देखत, त्यांचा हात थोडा जास्त वेळ धरून ठेवला. माझ्या आठवणीत आमच्या सासरच्या मंडळींत असं आधी कधी झालं नव्हतं, म्हणून मी चिमण्यांकडे पाहिलं.

त्यानंतर वर्षभर त्या कोलांटीनं ले-आउट भरून राहिलं. दिगंबरराव भाजीवाल्याला सांगत, "अशी गोल गा, कंपासनं काढल्यावानी." मंगलाताई भिशीत सांगत, "बाप्पा, आपली पाण्याची टाकी हाय नं, तेवढी मोठी." मंडळाच्या अध्यक्षांनी दोघांचं ऐकलं आणि स्वातंत्र्यदिनी दिगंबररावांना शाल-श्रीफळ दिलं, त्यांच्या भाषणात कोलांट्यांचं अनेकवचन झालं होतं. मी त्या वर्षभर शेजारी बसून ऐकत होतो. मला कुणी काही विचारलं नाही. सासरी माझी ख्याती अशी, की सत्यनारायणाच्या कथेतसुद्धा हा साधुवाण्याचा पुरावा मागेल. गंमत म्हणजे दिगंबररावांनी नंतर कोलांटी परत कधी मारली नाही. मी आग्रह केला की म्हणत, "एकदा झाली नं? रोज मारली तं तिची किंमत राहत नाही." मला ते पटलं होतं. एवढा सुज्ञ विचार त्यांच्याकडून क्वचितच यायचा, हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

मागच्या आठवड्यात मी ताईंकडे गेलो होतो. पुण्याला असते ती त्यांची मुलगी परत गेली आहे, माणसांची ये-जा संपली आहे. बैठकीत सगळं जागच्या जागी आहे. विमान दिवाणावर. मी खुर्चीवर. ताईंनी चहा आणला आणि फडक्यानं पंखावरची धूळ पुसायला घेतली. खिडकीकडच्या पंखाला पुन्हा सुरकुत्या पडायला लागल्या आहेत.

"प्रोफेसर, एक इचारू का?"

"विचारा."

"त्या दिवशी... तुमी ती कोलांटी पाह्यली नं? डोयानं?"

"पाहिली."

"मी नाही पाह्यली." त्या पंखाकडेच पाहत बोलत होत्या. "यायनं 'पाह्य वं' म्हटलं अन् मी डोये मिटले. रामराम म्हणत होती. आवाज आला, मंग उघडले, तं इमान सरळ चाललं होतं."

त्यांचं बोलणं संपलं नव्हतं.

"घरी आल्यावर राहवलं नाही. सांगून टाकलं यायले. वाटलं, आता रागावतीन, एवढा हिवाळाभर मागं लागले होते. तं हे हासूनच राह्यले. काहून हासून राह्यले म्हटलं, तं म्हनतात, मंगला, कांडी ओढली अन् मी बी मिटले."

ताईंनी फडकं घडी केलं.

"मी म्हटलं, मंग प्रोफेसरले विचारा नं कशी झाली ते. तं म्हणे, नोको. तो खरं सांगन."

बाहेर रस्त्यावरून संत्र्यांची गाडी ओरडत गेली. एवढे दिवस भाजीवाल्याला, भिशीला, अध्यक्षांना जी कोलांटी सांगितली गेली, ती दोघांपैकी एकानंही पाहिलेली नव्हती. ती शाल-श्रीफळाची कोलांटी होती तरी कशी, हे माहीत असलेला माणूस नागपुरात एकच होता आणि तो इतिहासाचा होता.

"आता सांगा," ताई म्हणाल्या. "आता मले ऐकाचं हाय."

मी कप खाली ठेवला. हात विमानासारखा सपाट केला, दिवाणाच्या वर धरला, आणि शेतात झालं तसं सगळं दाखवलं... नाक कुठं वर गेलं, कुठं विमान पाठीवर आलं, चाकं आभाळाकडे करून किती वेळ राहिलं, कुठून खाली घसरलं. ताईंची नजर माझ्या हातामागून फिरली. डोळे उघडे होते. हात सरळ होऊन खिडकीकडे निघून गेला, तिथपर्यंत त्यांनी पाहिलं.

"परत एकदा," त्या म्हणाल्या.

मी परत दाखवलं.

"अन् गोल होती?"

कोलांटी झाली, हे खरं आहे. त्या माणसानं ती डोळे मिटून मारली, शेपटीत देव आणि नाकात शिसं घेऊन मारली, आणि विमान शाबूत खाली आणलं.

"नाही," मी म्हणालो. "अंड्यासारखी होती."